विक्रांतचं सोंग घेतलेली विनाशिका

‘विनाशिका’ हा शब्द मराठीत जरा जास्तच भारदस्त झालाय. ‘नौदलाच्या ताफ्यात नवी विनाशिका’ अशी बातमी वाचली की समोर येईल त्याचं भस्म करणारं काहीतरी अजस्र डोळ्यांपुढे उभं राहतं. मूळ इंग्रजी नाव लांबलचक होतं: टॉर्पेडो बोटींचा विनाश करणारी नौका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, हे नवं हत्यार आलं. ते घेऊन फिरणाऱ्या चिमुकल्या, चपळ बोटींनी अवाढव्य युद्धनौकांची झोप उडवली. त्या बोटींना हाकलून लावायला त्यांच्याहून जरा मोठी पण तितकीच वेगवान नौका हवी होती. ब्रिटनची १८९३ सालची ‘हॅवॉक’ ही या जातीच्या अगदी पहिल्या नौकांपैकी एक. पुढे बोलण्याच्या ओघात टॉर्पेडो बोटी गळून पडल्या आणि नुसती ‘विनाशिका’ उरली. ‘उंदीर मारणारी मांजर’मधला उंदीर काढून टाका, काय उरतं बघा. तसंच काहीसं झालं.

प्रत्यक्षात युद्धनौकांच्या घरातलं ते धाकटं पोर. पाहुण्यांना स्टँडवर सोडून ये, दुकानातून हे घेऊन ये, रात्री कुत्रं भुंकलं तर कंदील घेऊन तूच बघून ये. मोठी जहाजं निघाली की त्यांच्या आजूबाजूला धावायचं, मालवाहू जहाजांचा तांडा पैलतीरी पोचवायचा, पाणबुडीचा वास घेत फिरायचं, बुडालेल्यांना वर ओढायचं. म्हणूनच एखाद्या विनाशिकेची सेवानोंद उघडली तर लढायांपेक्षा ‘अमक्यासोबत गेली’, ‘तमक्याला पोचवलं’ अशाच ओळी जास्त भेटतात. सोबत करणं हाच तिचा धंदा.

हे एका खऱ्या जहाजावरून समजून घेऊ. ती ३४ वर्षं जगली, दोन देशांच्या झेंड्यांखाली राहिली. जन्माच्या वेळी तिचं नाव होतं ‘रॉदरहॅम’. आपल्याकडे आली तेव्हा ‘राजपूत’ झाली. १९७१ च्या युद्धातल्या ‘गाझी’ पाणबुडीची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे दुसरं नाव ओळखीचं वाटेल.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइडबँक नावाचं गाव आहे. तिथल्या जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत ‘क्वीन मेरी’सारखं आलिशान प्रवासी जहाज आणि ‘हूड’सारखी युद्धनौका बांधली गेली होती. मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांनी दोन रात्री या गावावर बाँब टाकले आणि घरंच्या घरं जमीनदोस्त झाली. त्यानंतर महिन्याभरातच, एप्रिलमध्ये, या गोदीत रॉदरहॅमचा कणा टाकला गेला. मार्च १९४२ मध्ये ती पाण्यात उतरली आणि ऑगस्टमध्ये नौदलात दाखल झाली. सगळे मिळून सोळा-सतरा महिने. आज विनाशिका बांधायला किती वर्षं लागतात ते पाहिलं, तर त्या गावच्या कामगारांपुढे हात जोडावेसे वाटतात.

आकाराचा अंदाज हवा असेल तर मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा. लोकलचे पाच डबे एकामागे एक लावले की जेवढी लांबी होते, त्याहून थोडी जास्त. रुंदीला तीन डबे शेजारी शेजारी. म्हणजे सुमारे १०९ मीटर लांब आणि ११ मीटरच्या आत रुंद. हे प्रमाण मुद्दाम असं ठेवलेलं असतं, कारण पाणी कापायचं तर अंग सुरीसारखं हवं. या सुरीत दोनशेच्या आसपास माणसं, चार तोफा, आठ टॉर्पेडोनळ्या, विमानविरोधी बंदुका, पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज आणि शेकडो टन तेल बसवायचं. वेग ३६ नॉट, म्हणजे ताशी ६७ किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावर आपली एसटीही तेवढी पळते, त्यामुळे आकडा कानाला फुसका वाटतो. पण भरलं की अडीच हजार टनांच्या घरात जाणारं पोलाद पाण्यातून या वेगानं न्यायला ४०,००० अश्वशक्ती लागत होती. दोन बॉयलर तेल जाळून वाफ करायचे, वाफेवर टर्बाइन फिरायची, टर्बाइनवर दोन पंखे.

हा वेग फुकट मिळत नाही. मोठ्या युद्धनौकेच्या अंगावर असतं तसं जाडजूड चिलखत इथं नाही. अमेरिकी खलाशी आपल्या विनाशिकांना प्रेमानं ‘पत्र्याचा डबा’ म्हणायचे, ते काही उगाच नाही. फटका बसायच्या आधी सटकायचं, एवढंच तिचं संरक्षण.

रॉदरहॅमच्या पिढीत एक दोषही होता. युद्धाच्या घाईत मंजूर झालेली ही जहाजं, त्यामुळे तोफांसाठी जुन्याच धाटणीचे गाडे वापरले. त्या तोफा ४० अंशांच्या वर तोंड उचलू शकत नव्हत्या. समोरच्या जहाजावर मारा करायला ठीक, पण डोक्यावर विमान आलं की त्या निरुपयोगी. मग सगळी भिस्त छोट्या विमानविरोधी बंदुकांवर.

एक सुधारणा मात्र अगदी माणुसकीची होती. पूर्वापार पद्धतीनं ब्रिटिश विनाशिकांवर अधिकाऱ्यांच्या खोल्या पिछाडीला असायच्या. जहाज चालवायची जागा पुढे, झोपायची मागे, आणि मध्ये उघडा डेक. भर वादळात, काळोख्या रात्री, लाटा डेकवरून धुऊन जात असताना पाळी बदलायला जाणाऱ्या माणसाचं काय होत असेल? कधी कधी जाताच यायचं नाही. रॉदरहॅमच्या वर्गात या खोल्या मागून काढून जहाजाच्या मध्याकडे आणल्या. कागदावर ही एका ओळीची नोंद आहे. पण मला वाटतं, तोफेच्या व्यासापेक्षा अशा ओळीच जहाजावरचं जगणं जास्त सांगतात.

तिच्या वर्गात आठ नौका होत्या आणि सगळ्यांची इंग्रजी नावं ‘आर’ अक्षरावरून: रेसहॉर्स, रेडर, रॅपिड, रिडाउट, रिलेंटलेस, रॉकेट, रोबक. रॉदरहॅम त्यांची म्होरकी. पथकाचा प्रमुख कॅप्टन म्होरकीवर असतो, म्हणून तिच्यावर माणसंही थोडी जास्त. म्होरक्या जहाजाला माणसाचं नाव द्यायची रीत होती. रॉदरहॅम हा १८०५ सालच्या ट्रफल्गारच्या समुद्री लढाईत ‘रॉयल सॉव्हरिन’ या जहाजाचा कप्तान होता.

महायुद्धातली तिची खरी कर्मभूमी हिंदी महासागर. ब्रिटनच्या पूर्वेकडच्या ताफ्याचा तळ श्रीलंकेत त्रिंकोमालीला होता. १९ एप्रिल १९४४ रोजी या ताफ्यानं सुमात्राच्या टोकाजवळच्या साबांग बंदरावर हल्ला केला. ब्रिटनची ‘इलस्ट्रिअस’ आणि अमेरिकेची ‘साराटोगा’ या दोन विमानवाहू नौका, फ्रेंच ‘रिशेलू’, डच, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडची जहाजं असा पंचरंगी गोतावळा होता. रॉदरहॅम या गोतावळ्याच्या कडेनं धावणाऱ्या विनाशिकांमध्ये होती. विमानं उडाली, बाँब टाकून परत आली, नाव विमानवाहूंचं झालं. कडेनं धावणाऱ्यांचं काम एवढंच की आत कुठली पाणबुडी शिरू नये. ती शिरली नाही तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

सप्टेंबर १९४५ मध्ये जपाननं सिंगापूर सोडलं तेव्हा तिथला नाविक तळ ताब्यात घ्यायला रॉदरहॅमची माणसं उतरली. त्या तळाच्या प्रवेशद्वाराला पुढे ‘रॉदरहॅम गेट’ म्हणत. जहाजाचं नाव दरवाजाला मिळालं, हेही सोबत करणाऱ्याच्या जातीला शोभण्यासारखंच.

युद्ध संपलं की विनाशिकांचे वाईट दिवस येतात. नौदलाकडे त्या ढिगानं उरतात, आणि ज्यांना सांभाळणं परवडत नाही त्या विकल्या तरी जातात किंवा भंगारात तरी जातात. स्वतंत्र भारताला नौदल उभं करायचं होतं, पण हाताशी फार काही नव्हतं. १९४८ मध्ये ‘अकिलीस’ ही क्रूझर घेतली, ती ‘दिल्ली’ झाली. १९४९ मध्ये रॉदरहॅम, रिडाउट आणि रेडर या तीन विनाशिका आल्या. त्यांची नावं ठेवली राजपूत, रणजित आणि राणा. नीट बघा, अक्षर बदललंच नाही. बारशाला बसलेल्या कुणीतरी जन्माक्षर सांभाळलं. राजपूतचा क्रमांक ठरला डी-१४१.

पुढची बारा वर्षं भरभर ओलांडतो. सराव, गस्त, परदेशी बंदरांच्या भेटी, आणि मुख्य म्हणजे शिक्षण. स्वतंत्र भारताच्या नौदलातल्या पहिल्या पिढीनं विनाशिका चालवायची कशी हे या तीन जुन्या जहाजांवरच गिरवलं.

मग १९६१ चा डिसेंबर, गोवामुक्ती. नौदलानं आधी ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या नौका गोव्यासमोर टेहळणीला ठेवल्या, त्या मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन चटणी’. (नावं ठेवणारा जेवणाच्या वेळेला बसला असावा.) १८ डिसेंबरला मुरगाव बंदरात बेतवा-बियासनी ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेवर तोफा डागल्या आणि तिचा निकाल लावला. अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक गेले. या सगळ्यात राजपूत कुठे होती? ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या गटात, दिल्ली, कुठार, किरपाण आणि खुकरी यांच्याबरोबर, किनाऱ्यापासून लांब समुद्रात. कुणी बाहेरून आडवं यायला धजलं तर अडवायचं, म्हणून. कुणी आलं नाही. पुन्हा सोबतच. पण विक्रांत आणि राजपूत यांची ही जोडी लक्षात ठेवा, दहा वर्षांनी तिला भलतंच वळण मिळतं.

१९७१ उजाडलं तेव्हा राजपूत एकोणतीस वर्षांची होती. माणसाच्या हिशेबात तरुणपण, वाफेवरच्या विनाशिकेच्या हिशेबात पेन्शन. बॉयलरच्या नळ्या झिजतात, सांधे गळू लागतात. नौदल तिला निवृत्त करायच्याच बेतात होतं.

विक्रांतचीही तब्येत बरी नव्हती. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि पूर्ण वेगानं पळणं तिला जमत नव्हतं. विमानवाहू नौकेला वेग नसला की दोन पंचायती होतात: विमानं उडवायला समोरून पुरेसा वारा मिळत नाही आणि पाणबुडीपासून पळता येत नाही. तरीही बंगालच्या उपसागरात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानची कोंडी करायला, ती हवीच होती. पाकिस्तानलाही हे कळत होतं. त्यांच्याकडे कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून इतक्या लांब येऊ शकेल अशी एकच पाणबुडी होती: गाझी.

गाझीचाही पूर्वजन्म बघण्यासारखा आहे. डिसेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव ‘डियाब्लो’. १९६४ मध्ये ती पाकिस्तानकडे आली. पुढे तुर्कस्तानात तिची मोठी डागडुजी झाली आणि पाणसुरुंग पेरायची सोय बसवली गेली. म्हणजे १९४५ मध्ये रॉदरहॅम आणि डियाब्लो एकाच बाजूच्या होत्या. सव्वीस वर्षांनी या दोन म्हाताऱ्या, दुसरी नावं आणि दुसरे झेंडे घेऊन, विशाखापट्टणमच्या दारात एकमेकींसमोर आल्या.

गाझी १४ नोव्हेंबर १९७१ ला कराचीहून निघाली. ती येतेय हे आपल्याला कळलं ते वंगणामुळे. चितगावच्या नाविक अधिकाऱ्यांना पाठवलेला एक संदेश आपल्या लोकांनी पकडला. त्यात एका विशिष्ट वंगण तेलाची चौकशी होती. ते तेल फक्त पाणबुड्या आणि सुरुंग काढणारी जहाजं वापरतात. एवढ्यावरून ताडलं गेलं की पाणबुडी इकडे येतेय.

पूर्व नौदल कमांडचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन. त्यांनी विक्रांतला गुपचूप अंदमानच्या एका निर्मनुष्य, नारळी-पोफळीच्या कुशीतल्या जागी पाठवून दिलं. आणि विशाखापट्टणमला तिचं सोंग घ्यायला नेमलं राजपूतला. आता तुम्ही म्हणाल, लोकलच्या पाच डब्यांएवढं जहाज विमानवाहू नौकेचं सोंग घेणार कसं? डोळ्यांना फसवायचंच नव्हतं. फसवायचं होतं कानांना.

समुद्रातल्या जहाजाला बिनतारी संदेश पाठवावे लागतात. ते सांकेतिक भाषेत असले तरी कुठून येतायत आणि किती येतायत हे शत्रूला ऐकू येतं. अर्थ लागला नाही तरी चालतं. शेजाऱ्यांकडे पाहुणे आलेत हे कळायला त्यांच्या गप्पा ऐकाव्या लागत नाहीत, दुधाचा रतीब वाढला की कळतं. विमानवाहू नौकेवर हजारभर माणसं आणि विमानांचा कारभार, त्यामुळे तिचं ‘बोलणं’ भरपूर. म्हणून राजपूतला विशाखापट्टणमपासून १६० मैल समुद्रात पाठवलं, विक्रांतचं बिनतारीवरचं सांकेतिक नाव दिलं आणि सांगितलं, खूप बोल. रतीबसुद्धा वाढवला, तोही अगदी शब्दशः. बंदरात मटण आणि भाज्यांच्या मोठमोठ्या ऑर्डरी गेल्या, म्हणजे बाजारात कुणी कान टवकारून बसला असेल तर त्याला वाटावं, मोठं जहाज येतंय. वर एक साधा, सांकेतिक भाषेत नसलेला संदेश विक्रांतवरच्या एका नौसैनिकाच्या नावानं सोडला: आई फार आजारी आहे, तिची तब्येत कशी आहे ते कळवा. असा खासगी संदेश उघड्या भाषेत पाठवणं हा एरवी गुन्हाच. हा मुद्दाम केलेला गाढवपणा होता.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले. राजपूत तेव्हा तेल भरायला बंदरात होती. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना सांगण्यात आलं की तेल भरून होताच बाहेर पडा, दिवे वगैरे सगळं बंद ठेवून. मध्यरात्रीला वीसेक मिनिटं असताना ती धक्क्यावरून सुटली. वर बंदराचा पायलट होता. विमानाचा नव्हे, जहाजाला अरुंद वाटेनं बाहेर काढून देणारा वाटाड्या. या वाटाड्याला बाहेर सोडायचं तर जहाज जवळपास थांबवावं लागतं. इंदर सिंगांच्या मनात आलं, पाणबुडी इथंच बाहेर टपून असेल तर? थांबलेलं जहाज म्हणजे तिला ताटात वाढलेलं. त्यांनी पायलटला लवकर, वाटेतच उतरवलं आणि पूर्ण वेगाचा हुकूम दिला.

थोड्याच वेळात उजव्या बाजूच्या टेहळ्यानं ओरडून सांगितलं, पुढे पाण्यात खळबळ दिसतेय. इंदर सिंगांनी जहाज तिकडे वळवलं आणि दोन डेप्थ चार्ज सोडले.

इथं जरा थांबून हे हत्यार नीट बघू. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी भरलेलं पिंप. महायुद्धातल्या ब्रिटिश पिंपात सव्वाशे किलोंहून जास्त स्फोटक असायचं. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, पाणबुडी कुठे आहे हे त्याला कळत नाही. त्याला कळतो फक्त पाण्याचा दाब. दर दहा मीटर खाली गेलं की आपल्या वातावरणाएवढा दाब वाढतो. पिंपात एक झडप असते, ती ठरावीक दाबाला उघडते आणि स्फोट होतो. टाकण्याआधी खलाशी किल्लीनं खोली ठरवून देतो, एवढंच. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे धक्का जवळपास आहे तसा पाणबुडीच्या पत्र्यापर्यंत जातो. पत्रा फाडायचा तर पिंप अगदी जवळ, काही मीटरांवर फुटावं लागतं. लांब फुटलं तर दिवे जातात, नळ्या फुटतात, आतली माणसं फेकली जातात.

आता हिशेब करा. पिंप सेकंदाला तीनेक मीटर खाली जातं. तीस मीटरवर फुटायला लावलं तर दहा सेकंद. तेवढ्यात वीस नॉटनं जाणारी विनाशिका शंभर मीटर पुढे जाते, म्हणजे जेमतेम स्वतःच्या लांबीएवढी. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात खोली आणखी कमी लावावी लागते, म्हणजे वेळही कमी. हळू गेलात तर आपलंच पिंप आपल्याच पिछाडीखाली फुटेल. मागून पिंप टाकणाऱ्या जहाजाला पळावंच लागतं, आणि पळणाऱ्या जहाजाला स्वतःच्या पंख्यांच्या गोंगाटात पाण्यातलं दुसरं काही धड ऐकू येत नाही. शिवाय ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनी ऐकणारं सोनार पाणबुडीच्या अगदी जवळ गेलं की निकामी ठरतं, कारण लहरी तिच्या डोक्यावरून निघून जातात. म्हणजे घाव घालायच्या नेमक्या क्षणी विनाशिका आंधळी आणि बहिरी. महायुद्धात याच कारणानं कितीतरी पाणबुड्या निसटल्या, आणि म्हणूनच पुढे स्फोटकं जहाजाच्या समोर फेकणारी हत्यारं आली. त्या रात्री राजपूतनं वापरली ती जुनीच पद्धत: पळत जा, मागे टाक, देवाचं नाव घे.

दोन्ही पिंपं फुटली, राजपूतला हादरे बसले. पाण्यावर काही दिसलं नाही. इंदर सिंग ठरल्या वाटेनं पुढे निघून गेले.

त्यानंतर काही मिनिटांनी, सव्वाबाराच्या सुमारास, प्रचंड स्फोट झाला. विशाखापट्टणममध्ये तेव्हा हजारो लोक रेडिओला कान लावून पंतप्रधान इंदिरा गांधींच्या भाषणाची वाट बघत होते. घरांच्या खिडक्या खडखडल्या आणि भूकंप झाला असं समजून लोक बाहेर आले. सकाळी मच्छीमारांना पाण्यावर तरंगतं सामान सापडलं, त्यात लाइफजॅकेट होतं. मग ‘निस्तार’ या जहाजाचे पाणबुडे खाली गेले. गाझी बंदराच्या तोंडाबाहेर तळाला पडली होती. कमांडर जफर मोहम्मद खान आणि त्यांचे नव्वदहून अधिक सहकारी, कुणीही वाचलं नाही. सरकारनं ही बातमी ९ डिसेंबरला जाहीर केली. त्याच रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीनं ‘खुकरी’ बुडवली. होय, १९६१ मध्ये राजपूतबरोबर विक्रांतच्या सोबतीला असलेलीच खुकरी. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले अशी त्या रात्रीची नोंद सांगतात, अधिकाऱ्यांच्या आकड्यात मुल्लाही आलेच.

गाझीला कुणी बुडवलं? भारतीय नौदलाचं उत्तर: राजपूतनं. इंदर सिंगांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानचं उत्तर: स्वतः पेरलेल्या सुरुंगावर ती गेली, नाहीतर आतच स्फोट झाला. मधलीही उत्तरं आहेत. चाहूल लागून ती घाईनं खाली गेली, उथळ तळावर आदळली आणि आतली स्फोटकं फुटली, हे एक. पाणबुडीच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन तयार होतो, तो साठून पेटला, हे दुसरं. सांगाड्याचा पुढचा भाग आतून बाहेर फुटल्यासारखा आहे, त्यामुळे आतल्या स्फोटाच्या बाजूला वजन पडतं. पण आतला स्फोट कशानं झाला हा प्रश्न त्यानं सुटत नाही. त्या युद्धात भूदलाच्या पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झालेले जे. एफ. आर. जेकब यांनी तर पुढे उघडच लिहिलं की हा अपघात होता, त्यात नौदलाचं काही कर्तृत्व नव्हतं. आणि २०१० मध्ये बातमी आली की गाझीविषयीची नौदलाची जुनी कागदपत्रं नष्ट केली गेली आहेत. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही गाझी वर काढून द्यायची तयारी दाखवली होती, भारतानं नको म्हटलं.

मला विचाराल तर हा वाद चुकीच्या जागी रंगतो. सेवानोंद वाचताना ‘बुडवली’ या शब्दाकडेच सगळ्यांचं लक्ष जातं, तोफांच्या आवाजाकडे जातं तसं. पण राजपूतचं काम गाझीला बुडवणं हे नव्हतंच. तिचं काम होतं विक्रांत कुठे आहे हे कळू न देणं. आणि विक्रांतचं काय झालं हे तर कुणी नाकारत नाही: ४ डिसेंबरला अंदमानकडून पुढे सरकून तिची सी हॉक विमानं कॉक्स बाजारवर तुटून पडली, आणि युद्ध संपेपर्यंत तिला पाणबुडीचा धक्काही लागला नाही. १९६१ मध्ये राजपूत तिच्या बाजूला उभी राहिली होती. १९७१ मध्ये शेकडो मैल लांब राहून, तिचं नाव घेऊन, तिच्या वाटणीचं संकट स्वतःकडे ओढून घेतलं. सोबतीचाच धंदा, फक्त उलट बाजूनं केलेला.

विक्रांत पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहलीबरोबर किंवा रविवारी पोरांना घेऊन कितीतरी जण तिच्या डेकवर जाऊन आले असतील. मीही गेलो होतो, आणि आठवतं ते विमानांपेक्षा खालच्या मजल्यांवरचे अरुंद जिने आणि कपाळाला लागणाऱ्या चौकटी. २०१४ मध्ये मुंबईतच दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजं मोडायच्या भागात, तिची मोडतोड सुरू झाली. राजपूत त्याच्या कितीतरी आधी, १९७६ मध्येच भंगारात गेली होती. तिचं नाव मात्र लगेच पुढे गेलं: १९८० मध्ये सोव्हिएत संघातल्या पोती बंदरात नव्या राजपूतवर तिरंगा चढला. तीही विनाशिकाच. २१ मे २०२१ ला तिचा झेंडा उतरला तो विशाखापट्टणमलाच.

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर १९७१ च्या विजयाचं स्मारक आहे. त्याच्या जवळच वाळूवर एक खरीखुरी युद्धनौका उभी करून ठेवली आहे, तिकीट काढून आत जाता येतं. सुट्टीच्या दिवशी तिच्यासमोर मोठी रांग असते. तिचं नाव ‘कुरसुरा’, आणि ती पाणबुडी आहे.